बहात्तर किलोच्या आत

मुकुंदवाडी, औरंगाबाद
३ फेब्रुवारी २०१७

श्रीनिवास,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. 'चिरंजीव' लिहिलं तर तुला ती लाडीगोडी वाटेल आणि 'श्रीयुत' लिहिलं तर टोमणा. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं पत्रं लिहिली, पण सख्ख्या भावाला लिहायचा सराव राहिला नाही.

हे पत्र माहितीसाठी आहे. उत्तराची अपेक्षा नाही.

गेल्या महिन्यात भानुमती आली होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. खुर्चीच्या कडेला बसून तिनं सांगितलं की तुझ्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, आणि तिला साखर असल्यामुळे तिची किडनी चालत नाही. "अक्का, तुमची बघता का?" म्हणाली. मी म्हटलं, बघते. बायकोनं नवऱ्यासाठी नणंदेच्या दारात यायला काय लागतं ते मला कळतं, त्यामुळे जास्त बोलले नाही. चहा केला.

रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्याही ठीक निघाल्या. अडलं ते वजनावर. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन चौऱ्याऐंशी किलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, बहात्तरच्या आत आलात तर ऑपरेशन, नाहीतर नाही. एवढ्या वजनात एकाच किडनीवर राहणं मलाही धोक्याचं आहे म्हणे. आणि तुझ्याकडे फार महिने नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

तू भानुमतीला म्हणालास, "तिचं काही नको मला. मेलो तरी चालेल." ते माझ्यापर्यंत पोचलं. तो निर्णय तुझा. वजन माझं आहे, त्याबद्दल मी काहीतरी करू शकते. उद्या तुझं मन बदललं आणि मी चौऱ्याऐंशीच असले, असं व्हायला नको. एवढंच.

कालिंदी


२६ फेब्रुवारी

श्रीनिवास,

प्रगती सांगायची तर वजन एक किलो दोनशे ग्रॅमनी वाढलं आहे.

त्याचं असं झालं. वजन कमी करायचं म्हणजे कमी खायचं, आणि कमी खायचं म्हणजे उपास, हे आपल्या घरात जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. चतुर्थी मी धरतच होते. तिला सोमवार, गुरुवार आणि शनिवार जोडले. त्यात परवा महाशिवरात्र आली. तीन आठवडे मी साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू यांवर काढले आणि स्वतःला फार कठोर समजत होते.

वजन मी रामकिसनच्या धान्याच्या दुकानात करते. घरी एक काटा आणला होता, पण तो रोज माझ्या मनासारखं दाखवायला लागला. रामकिसनचा काटा पोती मोजायचा. मी वर उभी राहिले की तो आकडा दुकानभर ऐकू जाईल असा वाचतो.

"पंच्याऐंशी दोनशे! बाई, लई भरलं की हो. बारदान कापू का?"

बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, मालाच्या वजनातून ते वजा करतात. माझ्या बाबतीत त्याचा रोख साडीकडे आणि स्वेटरकडे होता. मी म्हटलं, काही कापू नको, आहे ते सांग.

घरी आवडाबाई भांडी घासते. करमाडहून रोज येते. तिला सांगितलं तर हातातली कढई तशीच ठेवून हसत बसली. "बाई, तुमच्या उपासानं मानूस बाळसं धरंल. आमी उपास धरला की पानी पितो अन् पडून ऱ्हातो."

तेव्हा सगळे उपास बंद केले आहेत. आई गेल्यापासून चतुर्थी चुकवली नव्हती. देवाला तोंडी सांगितलं की सहा महिने रजेवर आहे. आता एक भाकरी, पालेभाजी, ताक. रात्री नुसतं वरण. भूक लागते आणि भुकेनं मी चिडते, पण घरात चिडायला दुसरं कोणी नाही.

कालिंदी


२१ मार्च

श्रीनिवास,

वजन ७९.५.

सकाळी चालते. रस्त्यावर कुत्री आहेत, म्हणून मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर. तिथं मोजक्याच गाड्या थांबतात, त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीच. पहिल्या दिवशी फलाट तिकीट मागितलं तर खिडकीतला माणूस बाहेर येऊन मला बघून गेला.

स्टेशनच्या मागच्या बाजूला एका लग्नाच्या बँडचं दुकान आहे. लग्नसराई असल्यामुळे ते लोक सकाळी सातला तालीम करतात. मी बरोबर सातला तिथं पोचेन अशी निघते. आता लपवण्यासारखं काही नाही. मला बँडमधली क्लॅरोनेट आवडते. अप्पांच्या घरात रेडिओवर शास्त्रीय गाणं सोडून काही लागायचं नाही, आणि मीही चारचौघांत तेच आवडतं म्हणून सांगत आले. एकदा ऑफिसच्या स्नेहसंमेलनात मी शास्त्रीय संगीतावर वीस मिनिटं भाषण केलं होतं. पण ढोलावर काठी पडून क्लॅरोनेट वर चढली की माझे पाय आपोआप उचलतात. ज्या दिवशी तालीम नसते त्या दिवशी मी दोन फेऱ्या कमी मारते.

तुला हे नवीन नाही. मी बारावीत होते तेव्हा एका वरातीच्या मागे थेट गुलमंडीपर्यंत गेले होते आणि तू माझ्या ओढणीला धरून मागं. दिवे लागायच्या वेळेला घरी आलो. अप्पांनी विचारायच्या आत तू सांगितलंस, "मी हट्ट केला, अक्काला मी ओढून नेलं." अकरा वर्षांचा होतास. छड्या तुलाच बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला लागले. दाराआडून आवाज मोजले होते, सात.

हे मी का लिहिलं ते मला नीट सांगता येत नाही. चालताना आठवलं.

अक्का


२३ एप्रिल

श्रीनिवास,

७५.६. साड्यांचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेत. शेजारच्या बायकांना वाटतं मला काहीतरी मोठा आजार झाला आहे, त्या आळीपाळीनं येऊन बसतात. मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

काल भानुमतीचा फोन आला होता. म्हणाली, "पत्रं वाचतात. दोन-दोनदा वाचतात. मग म्हणतात, बाकी सगळं लिहिते, एक सोडून."

आधी क्रिकेटबद्दल सांगते. मला त्या खेळात काहीही रस नाही. तरी गेली अठरा वर्षं मी सकाळी पेपर घेते तो मागच्या पानापासून वाचते. देशाचे सामने मोठ्या अक्षरांत असतात, ते सोडते. खाली कोपऱ्यात आमखास मैदानावरच्या स्थानिक स्पर्धांची चार ओळींची बातमी असते, आणि तिच्या शेवटी कधीकधी 'पंच : श्रीनिवास देशपांडे' असतं. तेवढ्यासाठी. ते नाव शोधता शोधता मला लेगबाय कळला, पायचीत कळलं, आणि पंचाचा निर्णय कोणाला आवडत नाही हेही कळलं. तुझं नाव दिसलं की तू जिवंत आहेस, उन्हात सहा तास उभा राहू शकतोस, इतकी बातमी मला पुरायची. गेल्या पावसाळ्यानंतर नाव आलं नाही. मला वाटलं, पेपरवाल्यांनी पंचांची नावं छापायचं बंद केलं.

आता ते एक.

अप्पा गेले त्या दिवशी मी निरोप धाडला होता. आमच्या ऑफिसातल्या पुंजारामबरोबर. तो मैदानापर्यंत पोचला नसेल, किंवा गर्दीत त्यानं दुसऱ्याच कोणाला सांगितलं असेल. माणूस साधा होता. त्यालाही जाऊन आठ वर्षं झाली. यात तुझी चूक नाही असं मी नेहमीच मानलं आहे. कोणाचीच नाही.

अक्का


२८ मे

श्रीनिवास,

वजन ७३.२ वर अडकलं आहे. तीन आठवडे काटा हलत नाही. रामकिसन म्हणतो, "बाई, आता काय हाडं झिजवता का?"

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुला ते वाचताक्षणी कळलं असणार. भानुमतीनं त्यानंतर फोन केला नाही.

निरोप धाडला नव्हता.

१७ जानेवारी १९९९, रविवार. तू आमखासवर अंतिम सामन्याला पंच म्हणून गेला होतास. दहाच्या सुमारास अप्पांना छातीत दुखायला लागलं. ते म्हणाले, वायू धरलाय, ओवा दे. मी ओवा आणि मीठ दिलं. मी म्हटलं, श्रीनिवासला बोलावते. ते म्हणाले, "नको. पंच उठून आला तर खेळ मोडेल. संध्याकाळी येईलच की." मी ऐकलं. त्यांच्या पाठीला तेल लावलं. अकराला त्यांना घाम आला तेव्हा मी पंखा लावला. शेजारी फोन होता आणि डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे होते. मी गेले नाही. अप्पा रागावतील म्हणून गेले नाही. एकोणचाळीस वर्षांची होते मी, श्रीनिवास, सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक होते, आणि बापाच्या रागाला भ्यायले. पावणेएकला ते गेले.

लोक जमले. श्रीधरकाका दारातूनच ओरडले, "डॉक्टर का नाही आणला?" माझ्या तोंडून निघालं, "श्रीनिवासला निरोप धाडला होता. तो डॉक्टर घेऊन येईल म्हणून वाट बघत होते." काकांनी विचारलं, कोणाबरोबर धाडलास? आमच्या ऑफिसातला शिपाई पुंजाराम बातमी ऐकून धावत आला होता, तो समोर उभा होता. मी त्याचं नाव घेतलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हय. म्या सोता जाऊन सांगितलं सायबाला."

मी त्याला सांगितलं नव्हतं तसं बोल म्हणून. बाईंचा शब्द खाली पडू नये म्हणून तो बोलला. पुढं दर संक्रांतीला तिळगूळ घ्यायला यायचा आणि खाली बघून परत जायचा.

निरोप गेलाच आहे म्हणून पुन्हा कोणी मैदानावर गेलं नाही. पाचला तू आलास. अंगात तो पांढरा कोट, खिशात चेंडू मोजायचे खडे. तू अंगणात यायच्या आत सगळ्यांचं ठरून गेलं होतं की बाप जात असताना हा मैदानात उभा राहिला, आणि हा डॉक्टर घेऊन आला असता तर बाप वाचला असता. तेराव्याला काकांनी ते पंगतीत बोलून दाखवलं. तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारलंस, "अक्का, खरंच धाडला होतास?" मी हो म्हटलं. तू चपला घालून निघून गेलास.

अठरा वर्षं तुला भावकीत कोणी बोलावलं नाही. मला सगळीकडे बोलावतात. मानानं बोलावतात.

मला लाज वाटते. हे याहून बरं लिहिता येत नाही.

अक्का


१८ जून

श्रीनिवास,

७१.४. रामकिसननं तीनदा मोजलं. मग म्हणाला, "बारदान नाय कापलं बरं का, निव्वळ हाय," आणि गूळ पुढं केला. मी खाल्ला नाही.

भानुमतीनं सांगितलं, तू पत्र वाचलंस. तुला लिहून माझं काम संपलं नाही हे मला समजलं. तुला तर ठाऊकच होतं की निरोप आला नाही. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगायला हवं होतं.

गेल्या रविवारी देवगाव रंगारीला श्रीधरकाकांच्या नातवाची मुंज होती. सगळी भावकी जमली होती. काका आता शहाऐंशीचे आहेत, खुर्चीत बसून असतात. पंगत उठली, बायका विडे लावत बसल्या, तेव्हा मी ओटीवर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ओव्यापासून पुंजारामपर्यंत. टिपण करून नेलं होतं, ते वाचलं नाही.

कोणी रडेल, कोणी मला बोलेल, अशी माझी तयारी होती. आतून एकानं विचारलं, "मठ्ठा राहिलाय का रे?" आणि सगळे हलले.

निघताना काकांनी मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं गं. घरभर ओव्याचा वास होता, आणि पुंजारामच्या सायकलला हवा नव्हती, ती आदल्या संध्याकाळपासून तुमच्या अंगणातच पडून होती. पण तुझं त्या वेळी वैजापूरच्या बिजवराशी जमवायचं चाललं होतं. बाप हिच्या हातून गेला असं झालं असतं तर कोण करून घेतंय? तो बाप्यामाणूस. म्हटलं, सोसेल."

वैजापूरचं तर जमलंही नाही.

परतीच्या बसमध्ये मी रडले. शेजारी एक बाई होती, तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही.

काका तुला फोन करणार नाहीत. म्हणाले, आता या वयात माझ्या तोंडून नको. बाकीच्यांनी करावा म्हणून मी प्रत्येकाला सांगितलं आहे. करतील की नाही माहीत नाही.

अक्का


१२ जुलै, सकाळचे साडेसहा
बायकांचा वॉर्ड, खाट नऊ

श्रीनिवास,

तू याच मजल्यावर आहेस, पण भेटायची परवानगी नाही. हे पत्र भानुमतीकडे देते. मला आठला नेणार आहेत, तुला त्यानंतर.

परवा ऑपरेशनला परवानगी देणाऱ्या समितीसमोर आपल्याला शेजारी बसवलं तेव्हा मी तुझ्याकडं नीट बघू शकले नाही. व्हिडिओ चालू होता. तुझे पाय सुजलेले दिसले आणि चपलेचा पट्टा बसत नव्हता, तेवढंच पाहिलं. त्यांनी विचारलं, "भावाशी शेवटचं कधी बोललात?" मी सांगितलं, २९ जानेवारी १९९९. लिहून घेणाऱ्या मुलीनं मान वर करून बघितलं. "दबाव आहे का कोणाचा?" नाही. "मग इतक्या वर्षांनी का देता?" मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे आणि त्याचं माझ्यामुळे फार नुकसान झालं. त्यांनी पुढं विचारलं, कसलं नुकसान? मी तेही सांगितलं. आता ते सरकारी कागदावर आहे.

मग तुला विचारलं, घ्यायला तयार आहात का? तुझं उत्तर येईपर्यंत मी मनात फलाटाची एक फेरी मारून आले. तू हो म्हणालास.

बाहेर आल्यावर तू मला जे बोललास ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे माझ्याकडून त्यात पुढं फेरफार होणार नाही. "अक्का, घेतोय ते भानूसाठी. माफ केलं असं धरून चालू नकोस." मी "बरं" म्हटलं. त्या वेळी दुसरं सुचलं नाही.

आता सुचतंय ते लिहिते. पाच महिने मी स्वतःला सांगत होते की हे कर्तव्य आहे, नियमानं करायचं काम आहे. ते खरं नाही. तू मरशील या भीतीनं मी जेवायची थांबले. मला तू हवा आहेस, श्रीनिवास. आधीही हवा होतास आणि तरी मी ते केलं. दोन्ही खरं आहे आणि त्याचं मला काही करता येत नाही.

नर्स आली आहे. बांगड्या काढायला सांगते.

माफ करू नकोस. ते तुझं आहे, ठेव तुझ्याजवळ. बरा हो, घरी जा, भानुमतीला त्रास देऊ नकोस. मी रस्त्यात दिसले तर पलीकडून जा. मी थांबवणार नाही, हाकही मारणार नाही. तू पाय न सुजता चालतोयस एवढं बघेन आणि माझ्या वाटेनं जाईन.

तुझी
अक्का